गैरहजर

पहिला प्रज्योत हुंदरे.
हुक्केरीच्या लग्नातून आला
कानामागं एक पाणीदार ठिपका घेऊन,
मोहरीएवढा.
"डास चावला ओ, बाई," म्हणाला,
आणि मी ते खरं मानलं.
त्या दिवशी लाल चेंडू
आधी त्याच्या हातात होता,
मग सगळ्यांच्या.

पुढल्या आठवड्यात सोमवारी चार नाहीत.
गुरुवारी अकरा.
हजेरीचा तक्ता कानडीत छापलेला,
मी नावं मराठीत लिहिते,
आणि कारणाच्या रकान्यात काय लिहायचं
ते विचारायला छत्री घेऊन निघते.
फाल्गुनाचं ऊन. काजू मोहरलेत.

हुंदऱ्यांच्या चौकटीला कडुलिंबाची डहाळी.
"आई आलीया घरात. चप्पल भाईरच काढा."
सनद्यांची अफीफा खाटेवर, गुलाबी लोशन लावलेली,
तिची नानी ओठांत काही पुटपुटत
तिच्या पाठीवर फुंकर घालते.
दानम्माची आई परसातूनच हात हलवते:
"अम्मा बंदाळ री, टीचर, ओळग बरब्याडरी."
मी उंबऱ्याशीच थांबते.
आतून दानम्मा विचारते, खिचडी काय होती आज?

सबंध गल्लीत फोडणी बंद.
दहीभात, पेज, पुन्हा दहीभात.
मोहरी डब्यात गप्प बसून
आणि पोरांच्या अंगावर तडतडणारी.
"खाजूलंय ओ बाई, खाजूलंय,"
प्रज्योत चादरीला पाठ घासतो,
त्याची आई त्याचे दोन्ही हात धरून
तिसऱ्यांदा तीच कोल्ह्याची गोष्ट सांगते.

जांबोटीहून नर्सबाई आल्या.
ताप मोजा म्हणाल्या, नखं कापा,
गल्लीत कुणी पोटुशी असेल तर लांब ठेवा.
हुंदऱ्यांची धाकटी सून
कोपऱ्यात भांडी पुसत होती. पुसायची थांबली.
तिनं अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.
नर्सबाईंनी माझ्याकडं बघितलं,
मी छताकडं.
संध्याकाळच्या बसनं ती माहेरी गेली,
आईला बरं नाही, एवढंच सांगून.

मी नेलकटर घेऊन घरोघर फिरले.
अकरा पोरांची एकशेदहा नखं
एका कागदाच्या पुडीत.
ती कुठं टाकायची कळेना,
दोन दिवस पर्समध्येच राहिली.

मग निंबाच्या पाण्यानं आंघोळी झाल्या.
खपल्या गळल्यावर पोरं परतली,
बाहीवर करून एकमेकांना डाग दाखवत,
ज्याचे जास्त तो वरचढ.
दानम्माचे बेचाळीस. प्रज्योतला मोजता येईना,
म्हणून त्याचे "लय".
आता खेळ एकच: एकानं आजारी पडायचं,
बाकीच्यांनी पाल्यानं वारा घालायचा.

मल्लव्वा डाळ निवडत बसली होती.
बत्तीस वर्षं या अंगणवाडीत मदतनीस,
पुढच्या साली निवृत्ती.
अफीफा तिच्या मांडीला टेकली,
तिच्या गालावरच्या खळग्यांवरून बोट फिरवत म्हणाली,
"आज्जी, तुमचं अजून बरं झालं नाही?"

वर्गात मीच तेवढी गप्प झाले.
मल्लव्वा हसली.
"माझ्याकडं आलेली बाई थोरली होती, पोरी.
जाताना पायाचे ठसे ठेवून गेली बघ."
"तुम्हाला पण दहीभात दिला काय?"
"दिला की. आम्हा दोघींना."
दुसरी कोण, ते कुणी विचारलं नाही.
डाळीतला एक खडा
तिनं बराच वेळ चिमटीत धरून ठेवला,
मग खिडकीतून टाकला.

उप्पीटाचं तेल तापलं.
मोहरी पडली, आणि सगळ्या पोरांनी एकदम
माना वळवल्या त्या आवाजाकडं.

मी तक्ता उघडला. हजर, हजर, हजर.
खाली बसलेली माझी चिंगी
पोटाला खाजवत म्हणाली,
"आई, डास."